सिकंदरचा जिन्न

रमजानचा चांद दिसायला अजून चार-पाच दिवस होते. सिकंदरला यंदा दर्ग्यात कधी न्यायचं ते ठरवायला रविवारी दुपारी घरातली माणसं बँडच्या खोलीत जमली. लग्नसराई संपत आली होती. लाल कोट खुंट्यांना लटकत होते, ढोल एकावर एक रचलेले होते आणि मधल्या जागेत चटई टाकून फक्रुद्दीन बसला होता. गुलजार ब्रास बँडचा तो मालक, बँडमास्तर आणि सिकंदरचा थोरला भाऊ. बैठक त्यानं बोलावली होती आणि निर्णयही तोच घेऊन आला होता.

"गुरुवारी न्यायचं," तो म्हणाला. "मुजावरांस्नी सांगून ठेवलंय. निंबाखालची जागा मोकळी ठेवतो म्हणालेत."

निंबाखालची जागा म्हणजे काय ते दाराशी बसलेल्या सिकंदरच्या बायकोला, जुलेखाला चांगलं ठाऊक होतं. तिथं जमिनीत एक कडी पुरलेली होती, कडीला साखळी होती, आणि गेली तीन वर्षं रमजानच्या पहिल्या आठवड्यात त्या साखळीत तिच्या नवऱ्याचा पाय असायचा.

या घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नसे. सिकंदरची तब्येत बरी नसायची. वरातीत क्लॅरनेट वाजवता वाजवता तो नवरदेवाच्या घोड्यापुढं कोसळला, तेव्हाही त्याची तब्येतच बिघडली होती. वरात निघायच्या आधी यजमानाकडून बँडवाल्यांना बाटली येते, हा धंद्यातला रिवाज. वाजवायची सुपारी ठरतानाच ती धरलेली असते. बाकीचे घोटभर घेऊन तोंड पुसत. सिकंदर अकरा महिने घेतच राही. चांद दिसला की मात्र तो थेंबाला शिवत नसे, आणि त्याची आई इमामबी एवढ्या एका गोष्टीवर वर्ष काढी. मग दुसऱ्या-तिसऱ्या रोज्याला त्याचे हात थरथरायला लागत, दरदरून घाम फुटे, भिंतीतून माणसं येताना दिसत. एकदा तर दातखीळ बसून सगळं अंग वाकडं झालं. पाक महिना लागला की अंगातला जिन्न चवताळतो, असा त्याचा अर्थ घरानं काढला होता. बोळातल्या लोकांना मात्र 'फिट येते' एवढंच सांगायचं.

"गुरुवारी मला जमंल," शहाजादी म्हणाली. सिकंदरची ही थोरली बहीण सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याहून आली होती. "ईदेनंतर माझ्या पोरीला बघायला मिरजेची माणसं यायचीत. मौलवीचं घर हाय. त्याच्या आधी ह्याचं काय ते निस्तरून टाका. जिन्नाचं कोण काय इचारत न्हाय. दुसरं काय कानावर गेलं तर पोरगी घरात बसंल माझी."

"दुसरं काय, आपा?" जुलेखानं विचारलं.

शहाजादीनं पदर सारखा केला.

"लहानपणापासनं ऐकतोय मी," जुलेखा म्हणाली, "रमजानात सैतानाला बांधून घालत्यात. मग ह्यांचा जिन्न नेमका रमजानातच कसा सुटतो?"

"बघा तोंड हिचं! माहेरी कुरुंदवाडात मदरसा काढलाय काय गं तुझ्या बापानं?"

"काढला न्हाय. पर तिथं इचारलं तर कोण अंगावर येत न्हाय."

"जुलेखा," इमामबीनं तसबीहच्या मण्यांवरचं बोट थांबवलं. "थोरली माणसं बसल्यात."

"बसू देत की, अम्मा. त्यांच्यापुढंच सांगतो. ह्यास्नी दर्ग्यात न्यायचं न्हाय. मी राजारामपुरीत नेणार हाय. आजच."

सिकंदर ढोलाला पाठ टेकून बसला होता. दोन्ही तळहात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले होते. तो कोणाकडेच बघत नव्हता.

राजारामपुरीचं प्रकरण दीड महिन्यापूर्वी सुरू झालं होतं. सिकंदरच्या हाताला काच लागली म्हणून जुलेखा त्याला तिथल्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी टाके घातले, त्याच्या जिभेकडं आणि डोळ्यांकडं पाहिलं आणि दोघांना वरच्या खोलीत जायला सांगितलं. वर दर गुरुवारी संध्याकाळी सतरंजीवर पंधरा-वीस माणसं गोल बसत. त्यात गिरणीतले कामगार होते, एक तलाठी होता, आणि दारू पिणाऱ्यांच्या बायका, आया, भाऊही होते. एकेक जण आपलं सांगे. शिंत्रेबाई म्हणून एक समाजसेविका ते सगळं चालवी. सिकंदर दोन गुरुवार आला आणि दोन्ही वेळा तोंड न उघडता परतला. जुलेखानं मात्र रमजानातलं सगळं सांगून टाकलं. भिंतीतली माणसं, थरथर, दातखीळ. ते ऐकून शिंत्रेबाईंनी डॉक्टरांना वर बोलावलं होतं.

आता त्याच शिंत्रेबाई खांद्याला पिशवी लावून बँडच्या दारात उभ्या राहिल्या.

फक्रुद्दीन लगबगीनं उठला. "या, या, बाई. बसा की. मुलाचं हाय का मुलीचं?"

"काय?"

"लगीन हो. आता तारखा थोड्याच ऱ्हायल्यात. पर तुमच्यासाठी काढू एखादी."

"लग्न नाही," शिंत्रेबाई म्हणाल्या. "मी जुलेखाबाईंना भेटायला आलेय. व्यसनमुक्तीच्या बैठकीकडून."

शहाजादीनं उठून दाराची एक फळी लोटली.

शिंत्रेबाईंना बसा म्हणायला कोणी उरलं नाही. त्या आपण होऊन चटईच्या कडेला बसल्या आणि घरातल्या सगळ्यांची ओळख असल्यासारख्या बोलू लागल्या. बोलणं सरळ होतं, पण त्या खोलीला फार सरळ होतं. "रोज पिणाऱ्यानं दारू एकदम बंद केली की हे असं होतं. थरथर, भास, फिट. जिन्न वगैरे काही नाही. दरवर्षी ते जास्त अवघड होत जातं, आणि कधीतरी माणूस त्यातून परत येत नाही. खाली डॉक्टरांकडे खाटा आहेत. आठवडाभर औषधावर ठेवून हळूहळू सोडवतात. नंतर गुरुवारी बैठकीला यायचं, आणि घरातल्या एकानं तरी सोबत यायचं. एकट्यानं हे होत नाही."

"झालं बोलून?" फक्रुद्दीननं विचारलं.

"झालं."

"आमच्या घरात कोण पीत न्हाय. मुसलमानाचं घर हाय हे. तुमी चुकून आलासा."

शिंत्रेबाईंनी सिकंदरकडं पाहिलं. त्यानं मान वर केली नाही. त्या उठल्या. "खाट आज संध्याकाळपर्यंत ठेवते," त्या जुलेखाला म्हणाल्या. "त्यानंतर ठेवता यायची नाही. इचलकरंजीहून एक पेशंट येऊन बसलाय." लोटलेली फळी उघडून त्या बाहेर पडल्या.

फक्रुद्दीनचा आवाज चढला. "परक्या बाईला घरात आणून बसवलंस? सगळ्या राजारामपुरीत जाऊन सांगितलंस?"

"सगळ्या न्हाय. एका खोलीत."

"आणि ही बघा शहाणी!" शहाजादी पुढं सरकली. "दारू सोडवायला निघालीया म्हणं. आज सकाळी चुलीम्होरं हिनंच त्याला पाजली. म्या बघितलं ह्या डोळ्यांनी. कपात वतून दिली."

इमामबीनं चमकून सुनेकडं पाहिलं.

"दिली," जुलेखा म्हणाली. "डॉक्टरनंच सांगितलंय, खाटंवर येईस्तोवर एकदम तोडायची न्हाय. बारा वर्सं बाटल्या फोडल्या मी, आज पहिल्यांदा हातानं वतली. मला काय ग्वाड वाटलं काय, आपा? पर मी दिवसाउजेडी दिली, आणि त्यास्नी सांगून दिली." तिनं जागा बदलली आणि इमामबीसमोर जाऊन बसली. "अम्मा, गेल्या साली जिन्न कसा उतरला?"

"आता ते कशाला?"

"सांगा की."

इमामबीला ती गोष्ट सांगायला आवडायची. अशा वेळीही तिचा चेहरा थोडा सैलावला. "तिसऱ्या दिवशी उतरला. मी नमाजला बसलोतो. उठून बघतो तर पोरगं गपगार. घाम न्हाय, थरथर न्हाय. मला अम्मा म्हणून हाक मारली की त्यानं! पीराच्या पाण्यानं उतरला. बकरं कापून सगळ्या बोळाला जेवाण घातलं मी."

"पाणी कुणी पाजलं?"

"फक्रूनं."

जुलेखानं मान वळवली. "भाईसाब, ते पाणीच हुतं?"

"दर्ग्यात बसून लबाडी करीन काय मी?"

"दर्ग्यातलं ऱ्हाऊ दे. हितं सांगा."

फक्रुद्दीननं खिशातला रुमाल काढला, मान पुसली आणि परत खिशात कोंबला. उत्तर दुसऱ्याच बाजूनं आलं.

"हातभट्टी हुती," सिकंदर म्हणाला. दुपारपासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतनं आणलीती भाईनं. दोन घोट दिलं. जिन्न लगेच गेला. वळखीचाच हुता."

तो स्वतःच्या बोलण्याला हसला.

"मग काय करायचं हुतं मी?" फक्रुद्दीन उसळला. "डोळं फिरवलंतं त्यानं. साखळी खळाखळा वाजत हुती. अम्मा नमाजात, मुजावर बाजारात. कशानं थांबंल ते मला ठावं हुतं, म्हणून दिली. माझ्या पाठचा भाऊ हाय त्यो! मरू देऊ?"

तो खरं बोलत होता, हे जुलेखाला कळलं. वरातीत सिकंदरची बोटं चुकायला लागली की हा माणूस आपला कर्णा मोठा करून ती चूक झाकायचा, हे तिनं अनेकदा ऐकलं होतं. पण आज त्याला सवलत द्यायला तिच्याकडं वेळ नव्हता.

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "जिन्न न्हाय हे ठावं हुतं. तरी यंदा परत साखळीला न्यायला निघालासा."

"बारा घरं जेवत्यात ह्या बँडवर! बँडमास्तरचा भाऊ दारुडा म्हटल्यावर कोण दारात उभं करंल आमाला?"

'दारुडा' हा शब्द बाहेर पडला आणि फक्रुद्दीनच दचकला. इतक्या वर्षांत तो शब्द या खोलीत त्याच्याच तोंडून पहिल्यांदा आला होता.

"रोज्यात पाजलीस?" इमामबीनं विचारलं.

"अम्मा..."

"व्हय का न्हाय?"

"व्हय."

इमामबीचं बोट तसबीहच्या एकाच मण्यावर फिरत राहिलं. बाहेर कोणाची तरी सायकल खडखडत गेली. त्या दिवशी दर्ग्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकून तिनं कशाचे आभार मानले होते, ते ती आता मनातल्या मनात तपासून पाहत असावी. मग तिनं तसबीह कुर्त्याच्या खिशात टाकली आणि सुनेकडं पाहिलं.

"यंदा तसंच सोडलं तर काय म्हणतोय तुझा डॉक्टर?"

"जीव जाईल म्हणतोय. गेल्या सालापेक्षा यंदा जास्त भ्या हाय."

"आणि रोजे?"

"आजाऱ्याला माफ हाईत. बरं झाल्यावर धरायचे. तुमीच शिकवलंय मला."

"अम्मा, तू हिचं ऐकू नगंस," शहाजादी म्हणाली. "सातव्या दिवशी जिता परत आला तरी दारुडाच म्हणून परत येणार हाय त्यो. माझ्या पोरीचं काय?"

"मला कोण इचारणार हाय का?" सिकंदर म्हणाला. सगळे त्याच्याकडं वळले तसा तो गडबडला, पण थांबला नाही. "जिन्न धरलेल्या माणसाला लोक वाट देत्यात. गेल्या साली साखळीत हुतो, तर बाया पोरं आणून माझ्या म्होरं ठेवत हुत्या, डोक्यावर हात ठेव म्हणून. आणि त्या खोलीत सतरंजीवर बसून म्हणावं लागतंय, मी दारुडा हाय. दोन डाव गेलो. तोंडातनं शब्द फुटला न्हाय."

"तिसऱ्या डावाला फुटंल," जुलेखा म्हणाली. "न्हायतर चौथ्या. मी बसतो की शेजारी. पर तुमच्या म्होरं पोरं ठेवणाऱ्या बाया रात्री आपापल्या घरी जात्यात. साखळीपाशी मी असतो. मला पीर नगं. मला नवरा पायजे, आणि जिता पायजे."

तिनं हाताला धरून त्याला उठवलं नाही. आत जाऊन त्याचे दोन सदरे, एक लुंगी आणि टॉवेल पिशवीत भरला, आणि बाहेर येऊन नुसती उभी राहिली. पाच-सहा घरं पलीकडच्या चौकात रिक्षा मिळणार होती. ऊन उतरायला लागलं होतं.

सिकंदर ढोलाला धरून उठला. उठताना त्याचे हात सगळ्यांना दिसले. इतका वेळ दाबून ठेवलेले ते हात आता त्यानं लपवले नाहीत.

"जा," फक्रुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता, पण मऊ झाला नव्हता. "पर क्लॅरनेट हितं ऱ्हाईल. माझ्या बँडमधी राजारामपुरीहून आलेला माणूस वाजवणार न्हाय. सांगलीचा एकजण कवापासनं मागं लागलाय, त्याला घेतो."

क्लॅरनेटची पेटी कोपऱ्यातल्या फळीवर होती. सिकंदर तिथपर्यंत गेला. त्यानं पेटीवर हात ठेवला, आणि जुलेखाला वाटलं, संपलं, आता हा खाली बसणार. क्लॅरनेट सोड म्हणून कितीही सांगितलं तरी त्यानं बायकोचं, आईचं, कोणाचंच ऐकलं नव्हतं.

"घे त्याला," सिकंदर भावाला म्हणाला. "पर आधी नवी रीड घाल. ही चिरलीया. नवख्याचं व्हट कापंल."

फक्रुद्दीननं भिंतीकडं तोंड फिरवलं.

शहाजादीनं आपली पिशवी उचलली. "मी जातो गाडीला. मिरजेच्या माणसांनी इचारलं तर सांगीन, त्या घराशी आमचं जाणं-येणं न्हाय." तिनं कोणाला सलाम केला नाही, आईलाही सांगून गेली नाही. बोळात तिच्या चपलांचा आवाज जुलेखाला बराच वेळ ऐकू आला. ही बाई आता वर्षानुवर्षं आपल्याशी बोलणार नाही, हे तिनं त्याच वेळी मनाशी धरलं.

दोघं बाहेर पडली. जुलेखानं चौकातली रिक्षा दारापुढं बोलावली. रविवारची दुपार कलली होती, त्यामुळं बोळातल्या सगळ्या बायका पायऱ्यांवर होत्या. कोणी भाजी निवडत होतं, कोणी पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होतं. समोरच्या घरातली अंबूबाई गवळीण सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिचं लक्ष पिशवीवर गेलं.

"काय गं जुलेखा, कुठं निघालासा? फिट आली व्हय परत?"

जुलेखाच्या तोंडात उत्तर तयार होतं. ते फक्त दोन शब्दांचं होतं, आणि सकाळपासून ती ते मनात घोळवत होती. तरी तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. सिकंदर रिक्षाचा दांडा धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या जिभेवरचा शब्द तिथंच अडला.

"फिट न्हाय," मागून आवाज आला.

इमामबी दारातून बाहेर आली होती. पायात चपला होत्या, डोक्यावर बाहेरची ओढणी होती. वय झाल्यापासून ती ईदेशिवाय बोळ ओलांडत नसे.

"दारू पितो माझा ल्योक," ती म्हणाली. आवाज तिनं जराही कमी केला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. "जिन्न न्हाय, फिट न्हाय, दारू. लई वर्सं पितोय. मी लपवलं. आता राजारामपुरीत सोडवायला निघालाय. सरक रं आत." शेवटचं सिकंदरला होतं. "घरातलं माणूस पायजे म्हणली न्हवं ती बाई?"

सिकंदर आत सरकला. जुलेखा त्याच्या एका बाजूला बसली, इमामबी दुसऱ्या बाजूनं चढू लागली. तिचा गुडघा अडला. कोणीतरी हात द्यायला हवा होता, पण बोळातलं कोणी जागचं हललं नाही. मग सूप पायरीवर ठेवून अंबूबाई खाली उतरली. तिनं इमामबीच्या काखेत हात घालून तिला वर चढवलं आणि तिची ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आत सारली. तिथंच ती थोडी रेंगाळली. तिचा थोरला, गुंडू, दूध घालून आला की दुपारभर कुठं पडलेला असतो, हे सगळ्या बोळाला माहीत होतं आणि सगळा बोळ त्याला कावीळ झालीय असं म्हणत होता.

अंबूबाईनं मागं वळून पायऱ्यांकडं पाहिलं आणि रिक्षात तोंड घालून अगदी बारीक आवाजात विचारलं, "आक्का, कुठं हाय गं ती जागा?"

"हळू कशाला इचारतीस?" इमामबी म्हणाली. "मोठ्यानं इचार की."